चौथ्या उत्तरावर अडलेला पक्या

"संपलं माझं," म्हणत पक्याने रहस्यकथेचं पुस्तक माझ्या मांडीवर टाकलं. खुणेचा कागद मात्र शेवटच्या पानाच्या बराच अलीकडे होता.

"अरे, अजून पानं आहेत की."

"असू देत. शेरिंगहॅम बोलला ना? तो हिरो आहे. डिटेक्टिव्हने खुनी सांगितल्यावर पुढे काय उरतं? दोन मेंबर राहिलेत, ते आता टाळ्या वाजवणार."

नीताने ओठ दाबून धरले. वकिलाने चहाचा ग्लास तोंडाला लावला तो बराच वेळ खालीच घेतला नाही. अण्णांना असलं काही जमत नाही. "गाढवा, पुढचं वाच," एवढंच ते म्हणाले, आणि तिथून जी जुंपली ती साडेदहापर्यंत.

पुस्तक म्हणजे अँथनी बर्कलीची 'द पॉयझन्ड चॉकलेट्स केस'. मूळ कादंबरी १९२९ सालची. ब्रिटिश लायब्ररीने आपल्या 'क्राइम क्लासिक्स' मालिकेत २०१६ मध्ये ती नव्याने काढली. मागवलं नीताने आणि सगळ्यात आधी वाचलं वकिलाने (दुसऱ्याची पुस्तकं तो नेहमीच सगळ्यात आधी वाचतो), मग अण्णांनी, मग मी. आता पक्याची पाळी. कट्टा म्हणजे ठाण्याच्या नौपाड्यात, राम मारुती रोडच्या एका गल्लीत, इलेक्ट्रिकच्या दुकानाच्या तीन पायऱ्या. शनिवारी रात्री शटर खाली आलं की पायऱ्या आमच्या, आणि समोरच्या टपरीवरचं खातं वकिलाच्या नावावर.

गोष्ट थोडक्यात अशी. लंडनच्या एका क्लबात सर युस्टेस पेनिफादर नावाच्या रंगेल गृहस्थाला टपालाने चॉकलेटचा बॉक्स येतो. सोबत कंपनीचं पत्र, की आमचा नवा माल चाखून अभिप्राय कळवावा. सर युस्टेस भडकतात, असली जाहिरातबाजी त्यांना खपत नाही. शेजारी ग्रॅहम बेंडिक्स नावाचा सभासद उभा असतो. नाटक बघताना तो बायकोशी एक पैज हरलेला असतो आणि तिला चॉकलेटं द्यायची असतात. आयता बॉक्स मिळतो म्हणून तो घरी नेतो. दुपारच्या जेवणानंतर दोघं खातात. तो मोजकीच खातो, आजारी पडतो, वाचतो. बायको त्याच दिवशी मरते. पोलिसांचं म्हणणं, कुणा माथेफिरूचं काम दिसतंय, हात टेकले. मग रॉजर शेरिंगहॅम अध्यक्ष असलेलं एक गुन्हेचिकित्सक मंडळ ही केस हातात घेतं. सभासद सहा. सगळ्यांना तोच पुरावा, तीच मुदत. मग रोज रात्री एकाने उभं राहायचं आणि खुनी सांगायचा.

सहा जण, सहा उत्तरं. प्रत्येक उत्तर ऐकताना वाटतं, अरे हेच. दुसऱ्या रात्री त्यातला टेकू कुणीतरी काढून घेतो आणि सगळं खाली येतं.

"पण चौथं कोसळेल कसं?" पक्या म्हणाला. "पहिला तो बॅरिस्टर, सर चार्ल्स. त्याचं ठीक, नुसता वकिली आव. दुसरी ती नाटककार बाई. ती तर बॅरिस्टरलाच खुनी ठरवते, मी हसून हसून मेलो. तिसरा ब्रॅडली, रहस्यकथा लिहिणारा. तो खुन्याची लक्षणांची यादी करतो, रसायनं कळतात का, टाइपरायटर कुठला, अमुक वेळी कुठे होता, आणि शेवटी म्हणतो की यात फक्त मीच बसतो, सबब खुनी मी. झकास. पण हे तिघं विनोदाला आहेत. शेरिंगहॅम सिरियस आहे. त्याने ज्या पद्धतीने तो सगळा गुंता फिरवलाय ना, मानलं."

इथे एक गंमत आहे आणि ती पक्याला सांगायची की नाही यावर माझी आणि नीताची नजरेनेच मारामारी झाली. बर्कलीची याच कल्पनेवरची एक लघुकथा आहे, 'द ॲव्हेंजिंग चान्स'. तोच बॉक्स, तोच क्लब, तोच शेरिंगहॅम. त्या कथेत शेरिंगहॅम जे उत्तर काढतो ते बरोबर ठरतं, कथा तिथे संपते, आणि रहस्यकथांच्या कितीतरी संग्रहांत ती आदर्श कथा म्हणून छापली गेली. कादंबरीत तोच शेरिंगहॅम चौथ्या रात्री जवळपास तेच उत्तर घेऊन उभा राहतो. पुढे दोन रात्री शिल्लक आहेत. स्वतःच्या हुकमी कथेचा शेवट स्वतःच्याच कादंबरीत चौथ्या नंबरला बसवायला केवढं काळीज लागतं!

शेवटी मी तेवढं सांगितलंच. पक्या गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे लेखकाने आपल्याच हिरोचा पोपट केला?"

"पहिल्यापासून त्याचं तेच चाललंय," नीता म्हणाली. "शेरिंगहॅम १९२५ साली पहिल्या कादंबरीत आला तेव्हापासून तो बडबड्या आहे, आगाऊ आहे, आणि बिनदिक्कत चुकतो. होम्स कधी चुकला तर ती बातमी होते. हा चुकला तर नेहमीचा मंगळवार."

अण्णांना होम्सवर बोललेलं सहन होत नाही, पण त्या दिवशी ते वेगळ्याच तंद्रीत होते. अण्णांनी जन्म काढला ठाणे-बेलापूर पट्ट्यात, डाय इंटरमिजिएट्सच्या, म्हणजे रंगांना लागणाऱ्या रसायनांच्या कारखान्यात. सकाळी कंपनीची बस, रबाळ्याच्या पुढे गेलं की नाकाला कळायचं आज कुठल्या प्लँटमध्ये काय चाललंय. आणि या कादंबरीतलं विष आहे नायट्रोबेंझीन.

"तुम्ही सगळे खुनी कोण ते शोधत बसलात," अण्णा म्हणाले. "मी पहिल्यांदा बघितलं की विष बरोबर वागतंय का. वागतंय. फिकट पिवळं, तेलकट. वास कडू बदामाचा, आम्ही म्हणायचो बूटपॉलिशचा. त्याचं हायड्रोजनेशन केलं की ॲनिलीन, आणि ॲनिलीनवर तर अख्खी रंगांची दुनिया उभी आहे. पूर्वी यालाच ऑइल ऑफ मिरबेन म्हणायचे. स्वस्त साबणाला बदामाचा वास यायचा तो याचा. एके काळी मिठाईतसुद्धा घालायचे, बोला!"

"म्हणजे चॉकलेटात ते खपून जाईल?"

"साध्या चॉकलेटात माहीत नाही. पण त्या बॉक्समध्ये लिक्युअरची चॉकलेटं आहेत, मारास्किनो, किर्श वगैरे. ही दारूच मुळात बियांसकट चेरीची, तिला बदामासारखी चव असतेच. खाणारा म्हणेल, जरा कडक लागतंय. ती बिचारी तसंच म्हणते. लेखकाने हे फार विचार करून निवडलंय. सायनाइड घातलं असतं तर बाई पहिल्या घासाला पडली असती आणि गोष्ट तिथेच संपली असती. हे सावकाश चढतं. रक्तातलं हिमोग्लोबिन बदलतं, ते ऑक्सिजन वाहून नेत नाही. ओठ निळे, नखं निळी. माणूस बराच वेळ हिंडतो-फिरतो, जरा डोकं जड वाटतंय म्हणतो, आणि मग अचानक बसतो."

मग अण्णांनी जे सांगितलं त्याचा कादंबरीशी संबंध नव्हता, पण कुणी मध्ये बोललं नाही. त्यांच्या प्लँटवर नियम होता की बुटावर थेंब जरी पडला तरी बूट काढून टाकायचा. धुवायचा नाही, टाकायचा. चामडं ते पिऊन घेतं आणि मग दिवसभर पायातून आत सोडतं. नवीन पोरांना हे पटायचं नाही, चांगला बूट कोण टाकतो! एका पोराने दोन वाजता पडलेल्या थेंबाबद्दल कुणाला सांगितलं नाही. चारच्या चहाला तो कँटीनमध्ये सगळ्यांबरोबर हसत होता, आणि समोर बसलेल्या अण्णांना त्याचे ओठ दिसले. जांभूळ खाल्ल्यासारखे. पोराला स्वतःला काही कळलेलं नव्हतं. उचलून नेला, मिथिलीन ब्लू दिलं शिरेतून, वाचला. "निळ्या माणसाला निळंच औषध," अण्णा म्हणाले. "आणि ते औषधही रंगाच्याच धंद्यातून आलेलं."

पक्याने नकळत आपल्या बुटांकडे बघितलं.

"अण्णा, पण मग तुमच्या मते खुनी कोण असायला हवा?" मी विचारलं.

"केमिस्ट्री येणारा कुणीतरी. सरळ आहे."

"आणि वकिला, तुझ्या मते?"

"माझ्या मते कुणीच नाही," वकील म्हणाला. तो ठाणे कोर्टात फौजदारी चालवतो आणि पुरावा हा शब्द काढला की टपरीवरच्या पोराशीसुद्धा युक्तिवाद करतो. "सहांपैकी एकाचीही केस सेशन्सला टिकणार नाही. सगळा परिस्थितीजन्य पुरावा. १९८४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, आपल्या महाराष्ट्रातलाच, पुण्यातल्या विषाच्या मृत्यूवरचा. त्यात कोर्टाने पाच कसोट्या घालून दिल्या, त्यांना पंचशीलच म्हटलंय. त्यातलं मुख्य असं की पुराव्याची साखळी इतकी पक्की हवी की आरोपी दोषी आहे याशिवाय दुसरा कुठलाही तर्क उभा राहता कामा नये. शंका कितीही दाट असली तरी ती पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. आणि विषाची केस असेल तर आणखी चार गोष्टी: हेतू हवा, मृत्यू त्याच विषाने झालेला हवा, विष आरोपीजवळ होतं हे दिसायला हवं, आणि द्यायची संधी त्याला मिळालेली हवी. त्या खटल्यात आरोपी सुटला. आता लाव ही चाळणी या सहा जणांना. प्रत्येक जण हेतू आणि संधी यावर अर्धा तास बोलतो, आणि विष ताब्यात होतं का म्हटलं की 'कुठल्याही केमिस्टकडे मिळतं' म्हणून पुढे सरकतो. मी बचावाला असतो तर सहाही दिवस घरी लवकर गेलो असतो."

"अरे पण कादंबरीचा मुद्दाच तो आहे," नीता म्हणाली. "ब्रॅडली बोलून दाखवतो की. रहस्यकथेत एका गोष्टीवरून एकच निष्कर्ष निघतो आणि तो नेहमी लेखकाच्या लाडक्या डिटेक्टिव्हलाच सुचतो. बुटावर लाल माती दिसली की माणूस अमुक गावाहूनच आला. दुसरीकडे लाल माती नसते का? वाचक विचारत नाही, कारण विचारायला लेखक सवडच देत नाही."

नीता सहकारी बँकांचं ऑडिट करते. दिवसभर व्हाउचर, स्टँप, सह्या. तिने या पुस्तकात काय बघितलं असेल तर ते पत्र. बॉक्सबरोबर आलेलं कंपनीचं लेटरहेड. त्याच्या कडा किंचित पिवळ्या पडलेल्या असतात, म्हणजे कागद जुना, कुणीतरी जपून ठेवलेला किंवा कुठूनतरी उचललेला. "हे वाचलं आणि मी सरसावून बसले," ती म्हणाली. "कागद कुठून आला हे कळलं की माणूस सापडतोच. आमच्याकडे जुन्या तारखेचं म्हणून दाखवलेलं व्हाउचर कडांवरूनच पकडतात. गठ्ठ्यात राहिलेल्या कागदाला उजेड फक्त कडेला लागतो, त्यामुळे आधी कड पिवळी होते. सुटा राहिलेला कागद सगळीकडून सारखा पिवळा होतो. मी म्हटलं, आता हे सहा जण लेटरहेडच्या मागे लागणार. लागतात, पण प्रत्येकाचा कागद वेगळ्या दारात जाऊन थांबतो!"

मला त्या क्षणी जे जाणवलं ते मी बोललो आणि त्यावर अर्धा तास शिव्या खाल्ल्या. मी म्हटलं, बघा, कादंबरीत बॅरिस्टर विचारतो की फायदा कुणाचा. नाटककार बाई गुन्ह्यामागची बाई शोधते, कारण तिच्या नाटकात तसंच असतं. रहस्यकथाकार यादी करतो. मंडळातल्या प्रत्येकाला आपापल्या धंद्यातला खुनी सापडतो. आणि इथे अण्णांना केमिस्ट सापडला, नीताला लेटरहेड, वकिलाला निर्दोष सुटका. बर्कलीने नव्वदहून जास्त वर्षांपूर्वी आपलाच कट्टा लिहून ठेवलाय.

"आणि तुला काय सापडलं?" वकील म्हणाला. "तुला नेहमी काहीतरी तात्पर्य सापडतं."

"त्याला खुनी सापडलाच नाही, म्हणून तो आपल्याला पकडतोय," अण्णा म्हणाले.

असो. माझं मत अजून तेच आहे.

पक्या ऐरोलीला एका आयटी कंपनीत टेस्टिंग करतो. इतका वेळ तो खुणेच्या कागदाची घडी घालत आणि उलगडत होता. "थांबा थांबा," तो म्हणाला. "मी कोडवर शंभर टेस्ट चालवतो. शंभर पास झाल्या तर कोड बरोबर आहे असं नाही होत. एवढंच होतं की या शंभर टेस्टना तो पुरतो. दुसऱ्या कुणी वेगळाच कोड लिहिला तर तोही शंभरला पास होईल. शेरिंगहॅमचं उत्तर म्हणजे सगळ्या टेस्ट पास झालेलं उत्तर. पण टेस्टच कमी असतील तर?"

"आणि टेस्ट लिहितो कोण?" नीताने विचारलं.

"लेखक," पक्या म्हणाला, आणि पुस्तक माझ्या मांडीवरून परत उचललं.

अण्णांना मात्र हे फार पटलं नाही. अण्णा बाबूराव अर्नाळकरांवर वाढलेले. झुंजार आणि काळा पहाड यांच्या पुस्तकांसाठी त्यांनी वाचनालयाच्या दारात रांगा लावल्या आहेत. त्यांचं म्हणणं, "आम्ही पुरावा कधी मागितला नाही. झुंजार दारातून आत आला की आम्हाला कळायचं, आता सगळं ठीक होणार. तुमचा हा बर्कली आत आलेल्या माणसावरचा विश्वासच काढून घेतो. मग राहिलं काय? नुसतं कोडं."

मला वाटतं, अण्णांनी नेमक्या जागी बोट ठेवलं, फक्त उलट्या बाजूने. कारण बर्कलीला स्वतःला कोड्याचा कंटाळा आला होता. १९३० च्या 'द सेकंड शॉट' या कादंबरीच्या प्रस्तावनेतच त्याने लिहून ठेवलं की वेळ, जागा आणि संधी यांची कोडी आता पुरे, पुढचं कोडं माणसाच्या स्वभावाचं असेल. आणि दुसऱ्याच वर्षी 'मॅलिस अफोरथॉट' ही कादंबरी आली, फ्रान्सिस आइल्स नावाच्या कुणा नवख्याची. तिच्यात एक डॉक्टर बायकोचा खून करायचं ठरवतो, हे पहिल्याच वाक्यात सांगितलेलं आहे. खुनी कोण हा प्रश्नच नाही, तरी पुस्तक खाली ठेववत नाही. हा आइल्स कोण, यावर लंडनमध्ये तर्कवितर्क चालले. तो बर्कलीच होता. आईच्या माहेरचं नाव उचललेलं. पुढे १९३२ ला याच नावाने 'बिफोर द फॅक्ट', तिच्यावरून हिचकॉकने १९४१ मध्ये 'सस्पिशन' काढला.

माणूस विचित्रच. खरं नाव अँथनी बर्कली कॉक्स, जन्म १८९३ (आपलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालयही त्याच वर्षीचं, हे सांगितल्यावर अण्णा उगाचच खूश झाले). पहिल्या महायुद्धात गेला, तब्येतीची वाट लावून आला. सुरुवात विनोदी लेखनाने, 'पंच' या साप्ताहिकात. पहिली रहस्यकादंबरी छापली तेव्हा लेखकाच्या नावाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह. १९३० मध्ये रहस्यकथाकारांचा डिटेक्शन क्लब उभा राहिला तो मुख्यतः त्याच्याच खटपटीने. चेस्टरटन पहिला अध्यक्ष, ॲगाथा ख्रिस्ती आणि डोरोथी सेयर्स सभासद. नव्या सभासदाने कवटीवर हात ठेवून शपथ घ्यायची: माझा डिटेक्टिव्ह दैवी साक्षात्कार, योगायोग, जादूटोणा असल्या गोष्टींच्या आधाराने खुनी पकडणार नाही. म्हणजे कादंबरीत मंडळ आधी आणि खरा क्लब नंतर. आणि १९३९ नंतर या माणसाने एकही कादंबरी लिहिली नाही. वय ४६. पुढे १९७१ पर्यंत जगला आणि दुसऱ्यांच्या पुस्तकांची परीक्षणं लिहीत राहिला, फ्रान्सिस आइल्स या नावानेच.

"का थांबला?" पक्याने विचारलं.

"प्रत्येक गोष्टीला सहा उत्तरं असतात," नीता म्हणाली.

खरा तंटा यानंतर झाला आणि तो या नव्या आवृत्तीवरून. त्यात एक भर आहे. क्रिस्टियाना ब्रँड या लेखिकेने १९७९ मध्ये या कादंबरीला एक सातवं उत्तर लिहिलं होतं. ते इथे मागे जोडलंय, आणि त्याच्यापुढे मार्टिन एडवर्ड्सने खास या आवृत्तीसाठी लिहिलेलं आठवं. एडवर्ड्स या मालिकेचा सल्लागार, आणि ही आवृत्ती निघाली तेव्हा डिटेक्शन क्लबचा अध्यक्ष.

वकील यावर भडकलेला आहे. "निकाल लागला. सहावा माणूस बोलला, लेखकाने पेन खाली ठेवलं. तो १९७१ ला गेला. आता तुम्ही त्याच्या निकालपत्राला पानं जोडणार? पुनर्मुद्रण म्हणजे जसं होतं तसं छापायचं. टायपो दुरुस्त करा, प्रस्तावना लिहा, कव्हरवर जुनं रेल्वेचं पोस्टर टाका. पण शेवटाला हात लावायचा नाही."

"शेवटाला कुणी हात लावला? शेवट आहे तिथेच आहे," नीता म्हणाली. "पक्या, तू जरा चहा सांगून ये."

"का?"

"सांगून ये म्हणते ना."

पक्या टपरीकडे गेल्यावर ती आवाज खाली आणून म्हणाली, "सहाव्या उत्तरानंतर काय होतं? बेड्या पडतात? कोर्ट उभं राहतं? काही नाही. सगळे एकमेकांकडे बघत बसतात की आता करायचं काय. दार लेखकानेच उघडं ठेवलंय. आणि ही त्यांची जुनी रीतच आहे. 'द फ्लोटिंग ॲडमिरल' घे, १९३१ चं. क्लबच्या सभासदांनी एकेक प्रकरण लिहून पुढच्याच्या गळ्यात मारलेली कादंबरी. आणि बहुतेकांनी आपल्या मनातलं उत्तर वेगळं लिहून दिलेलं, ती मागे छापलेली. शेवटचं प्रकरण कुणाच्या वाट्याला आलं? बर्कलीच्या. त्याने त्याला नाव दिलं, पसारा आवरताना. हा माणूस सातव्या उत्तराला नाही म्हणेल?"

"हो म्हणेल की नाही हे तू कशावरून ठरवतेस? पुरावा काय?"

"परिस्थितीजन्य."

अण्णा इतक्या जोरात हसले की वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. आम्ही दोन मिनिटं शहाण्यासारखे बसलो.

या वादात मी नीताच्या बाजूने आहे, पण वकिलाचा एक मुद्दा मला सोडवत नाही. सातवं उत्तर हुशार आहे, आठवंही, पण दोन्ही वाचताना मागे बसलेला लेखक दिसतो, कादंबरीतलं मंडळ दिसत नाही. मूळच्या सहांमध्ये प्रत्येकाचा स्वभाव त्याच्या उत्तरात मुरलेला आहे. जोडलेल्या उत्तरांत नुसती बुद्धी. तरीही ती छापली हे बरं झालं, असं मी म्हणेन. आपल्याकडे जुन्या रहस्यकथांच्या आवृत्त्या निघतात तेव्हा मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा: पुस्तक पहिल्यांदा कधी छापलं हेसुद्धा आत सापडत नाही. चकचकीत कव्हर, आत पहिल्या पानापासून थेट गोष्ट. लेखक कोण, कुठल्या काळात लिहीत होता, भाषा बदललीय का, पानं गाळलीत का, कुणाला काही पडलेलं नाही. ब्रिटिश लायब्ररीच्या याच मालिकेतलं जेफर्सन फार्जनचं 'मिस्टरी इन व्हाइट' हे १९३७ चं विस्मरणात गेलेलं पुस्तक २०१४ च्या नाताळात तिकडे धडाक्यात खपलं. नुसत्या जुन्या गोष्टीवर ते झालं नाही. कुणीतरी बसून ते निवडलं होतं, त्याला प्रस्तावना दिली होती, वाचकाला हाताला धरून आत नेलं होतं.

पक्या चहा घेऊन आला. "काय ठरलं?"

"काही नाही. तू पाचवी रात्र वाच," नीता म्हणाली. "ॲलिशिया डॅमर्स. मग सहावी. चिटरविककडे लक्ष ठेव."

"तो? तो लाजरा-बुजरा? तो तर आत्तापर्यंत नुसता मान डोलावत बसलाय."

कुणीच काही बोललं नाही, आणि वकिलाने पुन्हा तो ग्लास तोंडाला लावला.

मग वकिलाने बॅगेतून स्टेपलर काढला. त्याचं म्हणणं, पोरगं पहिल्यांदा वाचतंय, त्याने लेखकाच्या निकालावर थांबलं पाहिजे, म्हणून मागची जोडलेली पानं आपण पिना मारून बंद करू. महिनाभराने उघडायची.

"माझ्या पुस्तकाला पीन लावलीस तर नव्या प्रतीचे पैसे घेईन," नीता म्हणाली.

बरीच घासाघीस झाली. शेवटी टपरीवाल्याकडून एक रबर मागून आणलं आणि सातव्या-आठव्या उत्तराच्या पानांना ते आडवं चढवलं. पक्याने पुस्तक सॅकमध्ये टाकलं.

"रबर काढलंस तर मला कळेल हं," वकील म्हणाला.

"कसं कळेल?"

"नीताला दाखवीन. तिला कडा बघून कळतं."